कमळूच्या कपाळावरची धग

मी एक जुनी ताप मोजायची बंदूक आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. करोनाच्या दिवसांत तुम्हीही माझ्या एखाद्या बहिणीसमोर कपाळ धरून उभे राहिला असाल, दुकानाच्या दारात नाहीतर लग्नाच्या मांडवात. तेव्हा आमच्यासमोर मोठमोठी माणसं टोपी काढायची. आता लहान पोरं मला खेळण्यातलं पिस्तूल समजून माझा घोडा ओढतात. ओढू देत बापडी. पण मी जे सांगणार आहे ते खेळण्यासारखं नाही, आणि ते मी गोड करूनही सांगणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात घाईघाईत झाला. माझ्या तोंडाशी एक काळं भिंग आहे. तुम्हाला डोळ्यांनी रंग दिसतात, मला या भिंगातून ऊब दिसते. तवा, म्हैस, माणूस, भिंत, सगळ्यांच्या अंगातून न दिसणारे किरण निघत असतात. शाळेत त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते किरण मी टिपते आणि आकडा दाखवते. माझी अक्कल तिथेच संपते. ती ऊब त्या अंगात कुठून आली, आतून की बाहेरून, हे मला कळत नाही. माझ्या खोक्यात एक घडीचा कागद होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की उन्हातून किंवा विस्तवाजवळून आलेल्या माणसाला थोडा वेळ सावलीत बसवा आणि मगच मोजा. तो कागद इंग्रजीत होता. खोकं उघडलं त्याच दिवशी तो केराच्या टोपलीत गेला.

मला शहापूर तालुक्यात आणलं. खर्डीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, मुलांच्या रिकाम्या वसतिगृहात तात्पुरतं उपचार केंद्र उघडलं होतं. तिथल्या फाटकावर सापगावचा चंदर बसायचा. त्यानं माझ्या मुठीला लाल सुतळी बांधली, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून. माझं फार कौतुक व्हायचं. डॉक्टर म्हणायचे, ही आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत. मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू? आकडा शंभराच्या वर गेला की भलाभला माणूस मागं फिरायचा, आणि मला वाटायचं, वा, काय आपला दरारा आहे.

तो एप्रिल महिना होता, सन दोन हजार एकवीस. केंद्रासमोर रस्त्याच्या पलीकडे कमळूचं शेत होतं. त्याची बायको देवकी आमच्याच केंद्रात आठ दिवस पडून होती. तिला श्वास पुरत नव्हता. आत कुणालाच सोडत नव्हते, म्हणून कमळू दिवसभर शेतात असायचा. तिथून तिच्या खोलीची खिडकी दिसायची. सोबत त्याची मुलगी माधुरी, पाचवीतली, बांधावर बसलेली असायची.

त्या सकाळी कमळू राब भाजत होता. मित्रांनो, तुमच्यातल्या शहरातल्या मुलांना राब माहीत नसेल. भाताचं रोप जिथे तयार करायचं, त्या वाफ्यावर शेण, झाडाच्या टहाळ्या, पालापाचोळा असे थर घालतात, वर बारीक माती पसरतात आणि पेटवून देतात. जाळ थोडा वेळच दिसतो. मग तो मातीखाली धुमसत राहतो, आणि वरची माती मात्र तासन्‌तास तापलेली असते. शेजारी उभं राहिलं तर तोंड भाजतं. आणि दाताळं घेऊन उभं तर राहावंच लागतं, नाहीतर आग बांधावरच्या गवतात शिरते.

दहाच्या सुमारास नर्सबाईंनी व्हरांड्यातून हाक मारली. देवकी नवऱ्याचं नाव घेते आहे, त्यानं लगेच यावं, पाच मिनिटं दारातून बघू देते, असं त्या म्हणाल्या. कमळूनं हातातलं दाताळं तिथेच टाकलं आणि तो पळत सुटला. मागून माधुरी. फाटकाशी येईपर्यंत तो घामानं आणि राखेनं माखलेला होता.

चंदरनं मला त्याच्या कपाळाशी धरलं. मी दाखवलं, एकशे एक पॉइंट चार.

कमळू म्हणाला, "मला ताप नाय रे. राब भाजीत होतो, जाळाजवळून पळत आलोय."

चंदर म्हणाला, "दादा, मी काय करू? शंभराच्या वर कुणाला सोडायचा नाय, असा सांगितलाय. परत मोजतो बघ."

त्यानं लगेच परत मोजलं. एकशे एक पॉइंट तीन. चंदर काही दुष्ट नव्हता. घाबरलेला होता, आणि त्याला माझ्यावर विश्वास होता, कमळूवर नव्हता. त्यानं कमळूचं नाव वहीत लिहिलं, आतल्या माणसाला बोलावून तपासणीसाठी नाकातून काडी फिरवली आणि त्याला घरी जाऊन वेगळं बसायला सांगितलं. कमळू हात जोडत होता. माधुरी त्याच्या सदऱ्याला धरून उभी होती. मग ती दोघं गेली. संध्याकाळी दिवेलागणीला देवकी वारली. तिला बांधूनच नेलं, घरच्यांना तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

नाकातल्या काडीचा अहवाल कधी आलाच नाही. त्या दिवसांत असे कितीतरी हरवले. पण वस्तीवर सगळ्यांना एवढं कळलं, की फाटकावर मोजलं तेव्हा कमळूला एकशे एक ताप होता. लोक बोलायला लागले, की आजार यानंच बाजारातून आणला आणि बायकोला दिला. आणि मित्रांनो, कमळूनंही ते मानलं. मशीन खोटं कशाला बोलेल, असं तो म्हणायचा. त्यानं आपला तांब्या वेगळा केला, ताट वेगळं केलं. पोरीशी बोलताना तो तोंड फिरवून बोलायला लागला. एक नाही, दोन नाही, चार वर्षं. हे मला नंतर माधुरीच्याच तोंडून कळलं.

कारण केंद्र बंद झालं तेव्हा मला खोक्यात कोंबून जवळच्या शाळेला दिलं. तिथे मी प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिले. धूळ खात, म्हणतात ना, तशी. घर जळालं तरी कळू नये अशा अंधारात. मला तेच बरं वाटत होतं. निदान कुणाच्या कपाळाशी जायला नको.

यंदा मार्च महिन्यात शेखर सरांनी मला बाहेर काढलं. ते नववीला विज्ञान शिकवतात. वर्गात माधुरी होती, मी तिला ओळखलं, तिनं मला नाही. सरांनी माझ्यातले सेल बदलले आणि एक बटण दाबलं. त्या बटणानं मी कपाळ सोडून कुठलीही वस्तू मोजते. त्यांनी भिंत मोजून दाखवली. ऊन जाऊन तास झाला होता, तरी भिंत गरमच होती.

मग ते म्हणाले, "आता आभाळातली भिंत सांगतो."

सर सांगत गेले. आपल्यापासून फार लांब दुसऱ्या दीर्घिका आहेत, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्या. त्यांच्या मध्यभागी बहुतेक ठिकाणी एक प्रचंड कृष्णविवर असतं. ते काळोखात गुपचूप असतं. पण एखादा तारा फार जवळ गेला, तर त्याच्या चिंध्या होतात आणि एकदम भडका उडतो. तो भडका काही महिन्यांत विझतो. पुष्कळदा तर मध्ये धूळ असते म्हणून तो आपल्याला दिसतच नाही. पण भोवतालची धूळ त्याचा प्रकाश पिते, तापते, आणि पुढे वर्षानुवर्षं अवरक्त किरण सोडत राहते. भडक्याचा प्रकाश आधी धुळीपर्यंत जातो आणि मग तिथून आपल्याकडे वळतो, म्हणून ही ऊब उशिरा पोचते. तिला धुळीचा प्रतिध्वनी म्हणतात. अवकाशात एक दुर्बीण होती. ती दर सहा महिन्यांनी सगळं आभाळ पुन्हा बघायची आणि कुठली धूळ अचानक तापली ते टिपायची. तिचंही काम गेल्या वर्षी थांबवलं, आणि ती वातावरणात शिरून जळून गेली. माझी थोरली बहीणच म्हणायची ती. एवढी शहाणी, तिचीही तीच गत.

शेवटी सर म्हणाले, "पण एक लक्षात ठेवा. धूळ तापलेली दिसली म्हणून धूळ पेटली असं नाही. जळलं ते दुसरंच काहीतरी, दुसरीकडे."

तास संपला, पोरं पांगली, तरी माधुरी बसून होती. मग तिनं सरांना सगळं सांगितलं. फाटक, आकडा, आई, बापाचा वेगळा तांब्या. आणि विचारलं, "सर, ही बंदूक मला एक रविवार द्याल का?"

सरांनी मला तिच्या दप्तरात घातलं. कपाटात होते तेच बरं होतं, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी कमळू त्याच शेतात राब भाजत होता. माधुरीनं मला बाहेर काढताच त्याची नजर लाल सुतळीवर गेली. तो दोन पावलं मागं सरला.

"हीच ती," तो म्हणाला. "कशाला आणलीस गो हिला?"

"बा, तू तुझा राब भाज. मी सांगीन तेव्हा फक्त उभा राहा."

तिनं आधी माती मोजली. जाळ गेला तरी मातीचा आकडा चढत राहिला. मग बापाला थांबवलं आणि मला त्याच्या कपाळाशी धरलं. एकशे एक पॉइंट सहा. आकडा बघून कमळूचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, परत ताप आला. त्यानं लगेच तोंड फिरवलं.

माधुरीनं त्याला मोहाच्या झाडाच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि दर मिनिटाला मोजत राहिली. शंभर. नव्व्याण्णव आणि काही. अकराव्या मिनिटाला मी दाखवलं, सत्त्याण्णव पॉइंट आठ. तिनं त्याला परत जाळाजवळ पाठवलं, परत बसवलं. तीन वेळा. दर खेपेला तो जाळाजवळून तापून आला आणि दहा-अकरा मिनिटांत निवला.

मग तिनं त्याला धुळीचं सगळं सांगितलं. लांबचा तारा, भडका, भोवतालची धूळ. ती म्हणाली, "बा, तुझं कपाळ म्हणजे ती धूळ. पेटला होता तो राब. तुला ताप नव्हताच. आईला तू काय दिलं नाय."

मला वाटलं, आता हा माणूस रडेल, पोरीला जवळ घेईल, चार वर्षांचं ओझं उतरेल. तुम्हालाही तेच वाटलं असेल. तसं झालं नाही.

कमळूनं केंद्राच्या त्या बंद खिडकीकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "किती येळ म्हणलीस?"

"अकरा मिनटं."

"ती सांजपर्यंत होती गो," तो म्हणाला. "मला सावलीत बसवला असता तं गाठ पडली असती."

इतके दिवस तो स्वतःला गुन्हेगार समजत होता, आणि त्यात निदान न भेटण्याला काही कारण तरी होतं. आता तेही कारण उरलं नाही. तो उठला आणि दाताळं घेऊन राबाकडे गेला. माधुरी तिथेच मला मांडीवर घेऊन रडत बसली.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही, मला त्याची गरज नाही. माझ्यासारख्या आकडे दाखवणाऱ्या वस्तू तुमच्या हातात पुढे पुष्कळ येतील. त्या हातात आल्या, की समोरच्या माणसाला आधी सावलीत बसवा, पाणी द्या, कुठून आलास ते विचारा. आणि तो जे सांगेल ते ऐका. कमळूनं तर कुणी न विचारताच सांगितलं होतं.