टंकलेखनाच्या कव्हरात

अण्णांनी डावा हात फळीवरून फिरवला आणि न चाचपडता एक रेकॉर्ड ओढून लेकीपुढे धरली. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. बोलणं महिन्यापूर्वीच गेलं होतं, अर्धांगाचा झटका आला त्याच दिवशी.

लेकीने कव्हर वाचलं. ‘टंकलेखन शिका, धडा पहिला ते सहावा.’

“अण्णा, ही? नक्की?”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. तिने रेकॉर्ड लावली. सुई खरखरली आणि एक बाई शिस्तीत सांगू लागल्या, पाठ ताठ ठेवा, बोटं मधल्या ओळीवर ठेवा. अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी दुसरी काढून दिली. ते फळझाडांवर औषध कसं फवारावं यावरचं भाषण निघालं. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला, पण अर्ध्यातच थांबवला आणि त्या हाताकडे ते बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मग त्यांनी खुणेने खुर्ची खिडकीकडे वळवायला सांगितली.

लेक हबकली. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोटाला चिमटा काढून ब्लूज आणि रॉकच्या जुन्या रेकॉर्डी जमवल्या, त्याला आता टंकलेखन ऐकायचं होतं? डॉक्टर म्हणाले होते, शब्द गेलेत, पण समज शाबूत असू शकते. घरी गेल्यावर त्यांचं गाणं त्यांनाच निवडू द्या, त्यावरून अंदाज येईल. अंदाज आला तो असा.

हे आपण आधीच ओळखायला हवं होतं, असंही तिला वाटलं. अण्णा दवाखान्यात असताना तिने ही खोली आवरायला घेतली, तेव्हा गिटारवाल्याच्या कव्हरात पक्ष्यांचे आवाज निघाले होते आणि हार्मोनिकावाल्याच्या कव्हरात कवायतीचा बँड. साडेतीनशे रेकॉर्डींपैकी शंभरेक तरी अशा उलट्यापालट्या. म्हणजे अण्णांचं डोकं झटक्याच्या आधीपासूनच भरकटत होतं, आणि आपण दर रविवारी फोनवर ‘सगळं झकास’ ऐकून खूश. तिला स्वतःची लाज वाटली. त्या लाजेपोटीच चार दिवस मांडी घालून, लेबलं वाचून वाचून, तिने प्रत्येक रेकॉर्ड आपापल्या कव्हरात घातली होती. अण्णा घरी आल्यावर त्यांना सगळं सरळ सापडावं, एवढीच इच्छा.

दोन दिवस अण्णांनी फळीकडे पाहिलं नाही. जेवले, औषधं घेतली, खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी सुईकाका आले. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे आता तेच एक उरले होते, आणि अण्णांशी भांडायचा हक्क असलेलेही तेच एक.

“पाठ फिरवून काय बसलायस? घाबरू नकोस, काही मागायला नाही आलो.”

अण्णांनी मान वळवली नाही.

लेकीने काकांना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. टंकलेखनाचं सांगताना तिचा आवाज चिरकला. सुईकाका ऐकता ऐकता फस्सकन हसले. तिला रागच आला.

“काका, हसताय काय?”

“अगं, टंकलेखनात त्याचा आंधळा गिटारवाला असतो! जीव की प्राण. चांगला माल सगळा रटाळ कव्हरांत. येणारा जो तो ‘दोन दिवसांसाठी नेतो’ म्हणायचा आणि गुल व्हायचा. टंकलेखन कोण मागणार? आणि गिटारवालं कव्हर नेलंच कोणी, तर घरी जाऊन ऐका चिमण्या!”

“म्हणजे मुद्दाम?”

“मग काय! वहीत नाही, कुठे नाही, सगळं डोक्यात. मलाही दोन-चारच ठाऊक आहेत.” मग त्यांचं हसू ओसरलं. “तू सगळं सरळ केलंस?”

ती ओट्याला टेकली. अण्णांचा हात चुकला नव्हता. महिनाभराने, झटक्यानंतरही, तो बरोबर टंकलेखनावर पडला होता. तिला इतका आनंद झाला की रडू आलं. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. दोन दिवस तो माणूस खिडकीशी बसून स्वतःला वेडा समजत होता.

“मला का नाही सांगितलं त्यांनी कधी?”

सुईकाकांनी कपबशी उगाच सरकवली.

“पहिली रेकॉर्ड तुझ्या मैत्रिणीला कोणी दिली होती, कॉलेजात असताना? ती अजून परत यायचीय.”

तिला ती मैत्रीणसुद्धा धड आठवेना.

बाहेर येऊन ती खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

“अण्णा, तुमचं काही चुकलं नाही. मी सगळ्या रेकॉर्डी काढून आपापल्या कव्हरात घातल्या. मला वाटलं, तुमचा गोंधळ झालाय. गोंधळ मी घातला.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कळलं की नाही, तिला अंदाज येईना. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली आणि घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचाच होता. सुईकाकांनी खुर्ची फळीकडे फिरवली.

तिने गठ्ठा खाली उतरवला. आंधळ्या गिटारवाल्याची रेकॉर्ड पुढे करताच अण्णांनी टंकलेखनावर बोट ठेवलं. तिने ती आत सरकवली. दुसरी फवारणीत गेली. तिसरी, घोगऱ्या आवाजाच्या कुणा बाईची, ती पक्ष्यांत. एकदाही बोट अडखळलं नाही.

“वा रे पठ्ठ्या,” सुईकाका म्हणाले.

चौथ्या रेकॉर्डला बोट उचललं गेलं आणि हवेतच राहिलं. अण्णांनी कव्हरांवरून नजर फिरवली, एकदा, दोनदा. मग बोट मिटून त्यांनी रेकॉर्ड तिच्याकडेच लोटली आणि हनुवटीने कव्हरांकडे खूण केली. तू ठरव.

आठवत नव्हतं म्हणून, की आता तिलाही यात घ्यायचं ठरवलं म्हणून? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण अर्ध्या चेहऱ्यावरून काही कळेना. विचारायचा धीर तिला झाला नाही. तिने ‘दातांची निगा’ लिहिलेलं कव्हर उचललं.

“इथेच होती ना?”

अण्णांनी मान डोलावली, जरा जास्तच लवकर.