काळीवरची फरशी

पिपरी मेघे गावच्या चिखलाची ख्याती अशी, की सत्त्याहत्तरच्या आषाढात पोस्टमनची चप्पल महादेवरावांच्या अंगणात रुतली ती पोळ्याला शेजाऱ्याच्या विहिरीत निघाली. पत्रासकट, असंही सांगणारे आहेत. पुढच्या माघात अवकाळी पावसाने तोच चिखल झाला आणि त्यात घसरून महादेवरावांच्या बायकोने, देवकाबाईंनी, मांडीचं हाड मोडून घेतलं. वैशाखात प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज सपाट जागेवर चालल्या तर पाय राहील. नाहीतर दिवाळीपर्यंत गुडघा आखडेल. मग उपाय नाही."

म्हणून दारापासून फाटकापर्यंत पायवाट करायची ठरली. महादेवराव कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, पण मूळ शेतकरी घरचे. विटा नकोत, शेवाळतात. जाम गावच्या चौकात शहाबादी फरशीचे ट्रक थांबत. तिथे तीन दिवस ठाण मांडून त्यांनी एकेक फरशी, माठ घ्यावा तशी, बोटाने वाजवून चाळीस निवडल्या.

नत्थूजी गवंड्याने फरशीकडे पाहिलंच नाही. त्याने जमिनीत पहार खुपसली.

"महादेवराव, ही काळी हाय. पाणी प्याली का फुगते. दोन फूट खोदून फेका, मुरूम भरा, मंग फरशी."

"काळी माती फेकू? माहा बाप वावरातून निघताना पायाची माती काठच्या धुऱ्यावर खरडून ठेवे. अन् मी टोपल्यानं रस्त्यावर टाकू?"

"बाईले चालवता का मातीले जपता, ते ठरवा."

"तू फरशी बसव."

नत्थूजीने बसवली. काठोकाठ भरलेला पेला मधोमध ठेवून दाखवला. थेंब सांडला नाही. देवकाबाई रोज चालू लागल्या. ज्येष्ठ सरता सरता बारा फरश्यांपर्यंत बिनकाठीच्या जाऊ लागल्या.

मग आषाढ बरसला आणि माती पाणी प्याली. फरश्या म्हशींच्या पाठींसारख्या वर आल्या. एक फरशी तर चहाच्या वेळेला दाराशी येऊन थांबली होती, असं शेजारचे प्रभाकरराव शपथेवर सांगत. देवकाबाई सातव्या फरशीला ठेचकाळल्या आणि पुन्हा त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. महादेवराव सकाळी पहारीने फरश्या सारख्या करत. संध्याकाळी त्या पुन्हा वाकड्या. खोदावं तर खड्डाभर पाणी.

"उघाड पडू दे. खोदतोच."

"मी काई म्हणून राह्यली का?" देवकाबाई म्हणत.

दिवाळीच्या तोंडावर जमीन वाळली. महादेवरावांनी स्वतः दोन फूट खोदलं, टोपल्याटोपल्याने माती रस्त्यावर टाकली. लोकांनी ती कुंड्यांना नेली. मुरूम भरला, चोपला. नत्थूजीने फरशी बसवून फाटकापाशी पेला ठेवला. थेंब सांडला नाही.

महादेवरावांनी खुर्चीपुढे हात धरला. देवकाबाईंनी अंग उचललं. गुडघा होता तसाच, घडी घातलेला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तो पेला आणा इकडं. तहान लागली."

महादेवराव फाटकापाशी गेले आणि पेला घेऊन परत निघाले. वाट अगदी सपाट होती. तरी दारात पोचेपर्यंत पेला अर्धा झाला.