छापण्याजोगं वाक्य

आमची लेक शब्दकोश करते. म्हणजे तिच्यासारखी चार डोकी एका खोलीत बसून एकेका शब्दाचा कीस पाडतात आणि वर त्याचा पगार घेतात. त्यांच्या संपादकबाईंचा एक नियम आहे. शब्दाखाली द्यायचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. टेबलाशी बसून रचलेलं चालत नाही, आणि कुणाकडून मुद्दाम वदवून घेतलेलं तर मुळीच नाही. त्यामुळे आमची कन्या बाजारात, दवाखान्यात, अगदी दुसऱ्याच्या लग्नातसुद्धा कान टवकारून फिरते.

यंदा तिच्या वाट्याला ‘रस’ आला. लिंबाचा रस भाजीवाल्याकडे मिळाला. पोटातला पाचक रस डॉक्टरांनी दिला, खोडातला माळ्याने. नाटकातल्या रसांवर एक नट इतका बोलला, इतका बोलला, की शेवटी हिलाच घरी काम असल्याचं खोटं सांगावं लागलं. शेजारच्या सासूसुनेच्या भांडणाचं रसभरीत वर्णन मी घरपोच केलं. आणि वितळलेल्या धातूचा रस आमच्या ह्यांचा. ह्यांचा जन्म ओतकामाच्या कारखान्यात गेला. पूर्वी जेवायला बसले की भट्टीच्याच गोष्टी सांगायचे, त्यातलं एक वाक्य पोरीने केव्हाच टिपून ठेवलं होतं.

घोडं अडलं ते सगळ्यात सोप्या अर्थापाशी. एखाद्या गोष्टीत रस असणं. जो तो मेला ‘इंटरेस्ट’ म्हणतो! भाजीवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतात, तो नटसुद्धा म्हणाला. वाक्य मिळालं नाही तर संपादकबाई त्या अर्थापुढे ‘जुना’ असा शिक्का मारणार होत्या, आणि लेकीच्या जिवाला ते लागलं होतं.

मला मात्र दुसराच घोर होता. निवृत्त झाल्यापासून हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. ना पेपर, ना पत्ते. काही विचारलं तर ‘हं’. स्पष्टच सांगते, माणूस समोर बसलेला असून मला घर रिकामं वाटायचं.

एकदा चहा देताना मी म्हटलं, “अहो, बाहेर चक्कर तरी मारून या.”

“नको गं,” हे म्हणाले. “मला आता कशातच रस राहिला नाही.”

मी कप खाली ठेवला. आणि आमची कन्या? ती जागेवरून उडालीच!

“सापडलं! बाबा, थांबा, थांबा, पुन्हा म्हणा. ‘राहिला नाही’ म्हणालात की ‘उरला नाही’?”

हातात गाळणी होती तीच हाणावीशी वाटली. “अगं, बाप काय बोलतोय, तू काय विचारतेस!”

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. ती “बाबा, चुकलं माझं” म्हणेपर्यंत ह्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली होती.

“हे छापणार तू?”

“नाव नसतं, बाबा. ‘एक निवृत्त ओतकामगार’, एवढंच.”

“म्हणजे मीच की! कारखान्यातली पोरं लगेच ओळखतील.”

“ती कशाला शब्दकोश वाचतायत?” मी म्हटलं.

“मी त्यात आहे म्हटल्यावर वाचतील,” हे म्हणाले. “हे रडगाणं नको. तुला दुसरं वाक्य देतो.”

आणि द्यायला लागले! आंघोळीहून आले की, “मला साबणात रस आहे.” जेवताना, “मला या वांग्यात विशेष रस आहे.” वांग्याकडे ह्यांनी जन्मात कधी प्रेमाने पाहिलेलं नाही. लेक दर वेळी मान हलवायची. “रचलेलं आहे, बाबा. नाही चालणार.”

“घरात बसून नाही निघायचं,” हे शेवटी वैतागून म्हणाले. “चार माणसांत गेलो तर सहज येईल तोंडात.” पायांत चपला सरकवल्या आणि गेले. मी दाराला टेकून बघत राहिले.

कोपऱ्यावर एकजण पितळेच्या मुठी ओततो, कपाटांना लावायच्या. हे तिथे जाऊन बसले. त्याच्या मुठींत बुडबुडे राहत होते. ह्यांनी सांगितलं, साच्याची वाळू ओली आहे. ती वाळवली, तरी बुडबुडे. मग म्हणाले, भट्टी कमी तापतेय. तेही चुकलं. दोघं भांडले. दुसऱ्या दिवशी हे चहा अर्धा टाकून पुन्हा भांडायला गेले. मग रोजच जायला लागले. वाक्याचं नाव नाही.

कोश छापायला जायच्या दिवशी दुपार उलटली तरी हे जेवायला आले नाहीत. आम्ही मायलेकी बोलवायला गेलो. हे बाह्या सरसावून, सांडशीत वितळलेल्या पितळेची मूस धरून उभे. तोंड घामाने निथळत होतं.

“बाबा, आज शेवटचा दिवस,” लेक म्हणाली. “तुमचं आधीचंच वाक्य देऊ का?”

ह्यांनी मान वर केली नाही. “दे नाहीतर फाडून टाक. मला तुझ्या त्या वाक्यात काडीचाही रस नाही! सरक बाजूला, साचा भरायचाय.”

लेकीने पेन काढलं. लिहिता लिहिता तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली, कारण मी रडत होते. अगदी हमसून.

साचा काठोकाठ भरल्यावरच ह्यांचं लक्ष गेलं. “काय झालं गं?”

“जेवायला आला नाहीत,” मी म्हटलं.

“मग डबा आणायचास ना! एवढंही कळू नये? आणि जरा जास्त आण, हाही उपाशी आहे.”

मी पदराने नाक पुसलं आणि घराकडे निघाले. या वयात मला इतकं भरभर चालता येतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.