गैरहजरांची भविष्यं

हजेरीत आपलं नाव आलं की काय सांगायचं, याची इलिंकाने दोन वाक्यं तयार ठेवली होती. एक, "मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते." दुसरं, "मी सध्या घरी असते, मुलगी लहान आहे." आज दोन्ही खरी होती. सोमवारनंतर त्यातलं एकच खरं राहणार होतं.

सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. स्मरांदा दोन वर्षांची होत आली होती आणि सरकार आईला सोडतं ते तेवढंच. प्रयोगशाळेत जाऊन आपल्या टेबलाशी बसायचं, नाहीतर बिनपगारी रजा वाढवून घ्यायची. वाढवली की बदलीवर आलेली मुलगी त्या जागेवर कायम होणार, हे ऑफिसात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. राझ्वान, तिचा नवरा, म्हणाला होता, तुला हवं तसं कर. सासूही तेच म्हणाली, पण जरा वेगळ्या आवाजात.

इलिंका पाळणाघर बघून आली होती. बाई चांगल्या होत्या, भिंतीवर ससे काढलेले होते. पण भिंतीतला एक प्लग उघडा होता, आणि कोपऱ्यातल्या एका मुलाचा खोकला तिला ओला वाटला. घरी येऊन तिने राझ्वानला ससे सांगितले नाहीत, प्लग सांगितला. मनातून तिने रजा वाढवायचं जवळजवळ ठरवलंच होतं. अडचण एवढीच, की ते वाक्य ती आरशासमोर म्हणून बघायची तेव्हा 'घरी' या शब्दाशी अडखळायची. अर्ज भरायला तसा उच्चार लागत नाही. पण शनिवारी हजेरी होती.

याश शहरातल्या विद्यापीठातून भूगर्भशास्त्र घेऊन बाहेर पडल्याला या जूनमध्ये दहा वर्षं झाली होती. दहा वर्षांनी सगळे परत त्याच वर्गात, त्याच बाकांवर येऊन बसतात. जुने सर हजेरीपट उघडतात, एकेक नाव घेतात, आणि ज्याचं नाव त्याने उभं राहून सांगायचं, काय झालं तुझं. मग सगळे जेवायला जातात आणि तिथे खरं काय ते सांगतात.

स्मरांदाला राझ्वान सांभाळणार होता, पण त्याला सकाळीच कामावरून बोलावणं आलं. सासू पितरांच्या शनिवारी त्यांच्या नावाने मडकी वाटायला गावी गेली होती. तेव्हा इलिंका मुलीला काखोटीला मारून, डोक्याला पातळ टोपी, मनगटाला दृष्टीचा लाल दोरा आणि पिशवीत तीन ऋतूंचे कपडे घेऊन निघाली, आणि अर्थातच उशिरा पोचली.

वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा, त्याचं दार मागच्या, वरच्या बाजूला होतं. तिने ते हळूच ढकललं. खाली फळ्याशेजारच्या दोन्ही खिडक्या उकाड्यामुळे सताड उघड्या होत्या. दार उघडताच वारं आरपार सुटलं आणि थेट स्मरांदाच्या मानेवर आलं. आरपार वारं म्हणजे काय, हे इलिंकाच्या देशात कुणाला सांगावं लागत नाही. दात दुखले, मान अवघडली, कान ठणकला, तोंड वाकडं झालं, तरी दोष त्याचाच. उकाड्याने माणूस फक्त घामाघूम होतो, वाऱ्याने माणूस जातो, असं तिथली शिकली-सवरलेली माणसंही धरून चालतात. भूगर्भशास्त्रज्ञ याला अपवाद नाहीत. इलिंका झटकन दोन पावलं मागे सरली. शेवटच्या बाकावरच्या कुणीतरी मागे न बघताच, "कोण मारायला निघालंय आम्हाला," असं पुटपुटत दार लावून घेतलं.

ती व्हरांड्यात, वर्ग आत. दारावरची झडप मात्र उघडी होती आणि आतलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. आत जायचं तर पुन्हा दार उघडावं लागणार, पुन्हा वारं. ती थांबली. वाऱ्यासाठीच थांबलोय, असं तिने स्वतःला सांगितलं.

आत बेझान सर नावं घेत होते. आवाज थोडा कापत होता, पण प्रत्येक नावानंतर चष्म्यावरून बघायची ती जुनी लकब तशीच असणार, मधल्या शांततेवरून कळत होतं. कॉर्नेलचं नाव आलं. हा वर्गातला वात्रट. पदवीच्या मेजवानीत टेबलावर चढून यानेच सगळ्यांची भविष्यं सांगितली होती आणि त्यातलं एकही खरं ठरलं नव्हतं. आता त्याचं फरश्यांचं दुकान होतं.

"सर, मी अजून दगडातच आहे," तो म्हणाला. "फक्त आता ते चौकोनी असतात आणि लोक त्यांच्यावर उभे राहून दात घासतात."

वर्ग हसला. मग ड्रागोशचं नाव आलं आणि कुणी उत्तर दिलं नाही.

गैरहजरांसाठी या वर्गाने सकाळीच एक नियम काढला होता. जो आला नाही, त्याचं आयुष्य बाकीच्यांनी सांगायचं, आणि खरं सांगायचं नाही. हा वात्रटपणा कॉर्नेलचाच, पण विरोध कुणी केला नव्हता. कारण खरं सगळ्यांना माहीत होतं. परीक्षेत पहिला आलेला ड्रागोश जर्मनीत कुठल्याशा गोदामात खोकी चिकटवत होता. पेट्रोनेला इटलीत एका म्हातारीला न्हाऊमाखू घालून, तिच्याच घरातल्या खाटेवर झोपत होती. हजेरीत हे मोठ्याने कोण सांगणार?

तेव्हा ड्रागोश सहारात गेला. तिथल्या सरकारने त्याला वाळू मोजायला ठेवलं. सगळी मोजून झाली तेव्हा एक कण कमी भरला, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तो कण पहिल्या दिवसापासून त्याच्या बुटात आहे. पेट्रोनेला परीक्षेतसुद्धा झोपायची, म्हणून एका गादीच्या कारखान्याने तिला मुख्य तपासनीस नेमलं होतं. ती ज्या गादीवर जागी राहील ती गादी जाळून टाकतात. सर म्हणाले, "चांगली नोकरी आहे," आणि बहुधा लिहूनही घेतलं.

व्हरांड्यात इलिंका तोंडावर हात ठेवून हसत होती. स्मरांदा भिंतीवरच्या काचेच्या कपाटाकडे झेपावत होती. आत गारगोट्या मांडलेल्या, आणि कपाटाचा कोपरा तिच्या कपाळाच्या बरोब्बर उंचीवर. इलिंकाने आपला तळहात त्या कोपऱ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. म्हणून तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती दारापासून हातभर लांब होती.

"आहे," ती म्हणाली. पण तोंडातून आला तो आवाज झोपलेल्या मुलाशेजारी बोलतात तसा होता. दोन वर्षांत तिला दुसरा आवाज उरला नव्हता.

"इलिंका नाही आली?" सरांनी विचारलं. "बरं. गैरहजर."

आता आत जाणं आणखी अवघड झालं. आणि खोटं कशाला बोला, तिला ऐकायचंही होतं.

कॉर्नेलने घसा साफ केला. इलिंका फिनलंडला गेली, तो म्हणाला. का, तर आपल्याकडे भूकंप होतात आणि तिकडची जमीन शहाण्यासारखी एका जागी बसते. तिथे तिने घर बांधलं, पण घराला कोपरेच नाहीत. टेबल गोल, उंबरा गोल, पुस्तकंही गोल कापून घेतली. तरी रोज रात्री कपाटावर पेला भरून ठेवते, पाणी हलतं का बघायला. शेजाऱ्यांना वाटतं, बाई फार धार्मिक आहे.

इलिंकाने कोपऱ्यावरचा आपला हात पाहिला आणि तो काढला नाही.

"चूक," वॉइकित्सा म्हणाली. ही तिची वसतिगृहातली खोलीसोबतीण, लग्नानंतर हळूहळू फोन कमी झालेली. "ती फिनलंडला कशाला जाईल, तिकडे खिडक्या मोठ्या. ती मंत्री आहे. आरपार वाऱ्याचं खातं. देशभर कुठेही दार आणि खिडकी एकदम उघडी दिसली की तिचे लोक येतात, दंड करतात आणि जाताना घरातल्या पोरांना मोजे घालून जातात."

"मग आपल्यावर आत्ता खटला भरायला हवा," मागून कुणीतरी म्हणालं.

खूप हसले. इलिंकाही हसली, पण कान टवकारून. घासात खडा लागेल या धास्तीने माणूस जपून चावतो, तसं ती एकेक वाक्य ऐकत होती. कुठल्याच गोष्टीत ती घरी बसलेली नव्हती. फिनलंडच्या गोष्टीतसुद्धा ती भूकंपाच्या केंद्रात नोकरीला जात होती, हे कॉर्नेलने जाता जाता, काही विशेष नसल्यासारखं घातलं होतं. चेष्टा चालली होती ती तिच्या भित्रेपणाची. काम तिने सोडलं असेल, हे चेष्टेतही कुणाला सुचलं नव्हतं.

मग सर बोलले, आणि नियम असूनही खरं बोलले. "बिकाझच्या घळीत सहल गेली होती आपली," ते म्हणाले. "ही मुलगी प्रत्येक वळणावर सगळ्यांची डोकी मोजायची. मला राग यायचा. पण मी इतक्या सहली नेल्या, रात्री गाढ झोपलो तो त्याच एका सहलीत."

"सर, मेंढ्यासुद्धा मोजल्या तिने," कॉर्नेल म्हणाला. "धनगराला सांगून आली, तुमची एक जास्त आहे."

"आणि लग्न? पोरंबाळं?" कुणीतरी विचारलं.

"पोर? इलिंकाला?" कॉर्नेलने वाक्य चघळलं. "अरे, ती आधी हमीपत्र मागेल. डॉक्टर म्हणेल, बाई, एवढी हमी आम्ही पुलालासुद्धा देत नाही. नाही रे. तिचं धाडस नाही व्हायचं."

या वेळचं हसू मागच्याइतकं मोठं नव्हतं. वॉइकित्सा हसली की नाही, हे झडपेतून कळेना.

इलिंकाच्या काखेत त्या न झालेल्या धाडसाचं वजन एव्हाना चांगलंच जाणवत होतं. हात बधिर झाला होता. तिला राग आला, पण फार नाही. कॉर्नेल काही दुष्ट नव्हता, त्याला माहीत असलेल्या इलिंकाविषयी तो बरोबरच बोलत होता. त्या इलिंकाने खरंच हमी मागितली असती. मागितलीही होती. दवाखान्यात, लिहून, आणि ती मिळाली नव्हती. हमी न मिळताच पोर झालं होतं, आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी उठून बघावं तर जिवंत होतं, वर खायला मागत होतं.

आतून सर म्हणाले, "चला, पुढचं नाव," आणि पान उलटल्याचा आवाज आला.

इलिंकाने पिशवीतला स्वेटर काढला, स्मरांदाच्या मानेभोवती गुंडाळला, आणि पायाने दार ढकललं.

वारं सुटलं. हजेरीपटाची पानं फडफडली, कुणाचं तरी भाषणाचं टिपण उडून पुढच्या बाकाखाली गेलं, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "दार!" ती आत आली आणि दार तिच्यामागे धाडकन बंद झालं. मग सगळ्यांनी वळून पाहिलं.

कॉर्नेल उभा होता तो हळूच खाली बसला. वॉइकित्साने आपला हात तोंडावर नेला आणि लगेच, बाळ दिसल्यावर करतात तसं, दृष्ट लागू नये म्हणून खोटं थुंकली.

"तुझी गैरहजेरी लागली आहे," बेझान सर चष्म्यावरून म्हणाले. "खोडायची तर कारण लागेल."

इलिंकाने कारण उचलून दाखवलं. कारणाची टोपी एका कानावर आली होती आणि ते सरांकडे गंभीरपणे बघत होतं.

"पुरेसं आहे," सर म्हणाले, आणि खोडाखोड करायला पेन शोधू लागले. "काय झालं तुझं? थोडक्यात."

आता दोन्ही वाक्यं तिच्या जिभेवर एकदम आली. घरी असते. काम करते. ती पायऱ्यांवर मध्येच उभी होती, खाली सर, वर बाकं, आणि आवाज मोठा काढायला हवा होता.

"पाणी तपासते," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की स्मरांदा दचकली. "मध्ये दोन वर्षं घरी होते. सोमवारी परत जातेय."

"आणि हिला कोण बघणार?" वॉइकित्साने विचारलं. तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिची स्वतःची दोन होती.

"पाळणाघर. तिथला एक प्लग उघडा आहे. झाकण घेऊन जाणार आहे मी."

"एकच?" कॉर्नेल म्हणाला. "माझ्या दुकानात खोकंभर आहेत. घेऊन जा. पैसे देऊ नकोस, मी आत्ता जे बोललो त्याचे समज."

"झडपेतून सगळं ऐकू येतं," इलिंका म्हणाली.

"तेच तर," कॉर्नेल म्हणाला.

तिला वाटलं होतं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. शाबास, किंवा विचार कर, किंवा एवढ्या लहान मुलीला. पण सरांनी पुढचं नाव घेतलं आणि पुढचा उभा राहून कॉन्स्तांत्सातल्या बंदराबद्दल सांगू लागला. तिच्या सोमवारची कुणाला फारशी चर्चा करावीशी वाटली नाही. तो त्यांना आधीपासूनच ठाऊक असल्यासारखा होता.

खिडकीपासून सगळ्यात लांबच्या बाकावर वॉइकित्साने सरकून जागा केली. इलिंका बसली. बाकाचा खिळा वर आलाय का, हे तिने बोटाने चाचपून पाहिलं, मग स्मरांदाला मांडीवर घेतलं. राझ्वानला सांगायला हवं होतं. सासूलाही, आणि ते कठीण होतं. पण एवढ्या लोकांसमोर बोलून झालेली गोष्ट घरातल्या दोघांसमोर पुन्हा बोलायची, एवढंच उरलं होतं.

"ताप येईल तिला तिथे," ती वॉइकित्साच्या कानाशी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात."

"येईल ना," वॉइकित्सा म्हणाली. "माझ्या दोघांनाही आला. मग गेला. तो स्वेटर काढ आता, उकडतंय तिला."

इलिंकाने खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तिने स्वेटर काढला.