चारशे बारा नंबरचे पाकीट

"काही नाही?" साहेबांनी दारातूनच विचारले.

भिंगावरची मान न उचलता ती म्हणाली, "अजून तरी नाही."

"आज अठ्ठाविसावा दिवस ना?"

"हो."

"मग अजून म्हणजे काय, कोंबताई?" साहेब आत आले. वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते, पण माणूस वाईट नव्हता. काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर ओळीने मांडलेल्या तेवीस बियांकडे त्यांनी पाहिले. "दाबून बघा एकेक. मऊ लागल्या की लिहून टाका आणि बशी मोकळी करा. उद्या दुसरं पाकीट लावायचंय."

"बघते," ती म्हणाली आणि चिमटा हातात घेऊन तशीच बसून राहिली.

बियांच्या त्या कोठारात तिचे खरे नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरले नव्हते. तीस वर्षे ती एकच काम करत आली होती. थंड खोलीतून पाकीट आणायचे, पन्नास बिया मोजून ओल्या कागदावर ठेवायच्या आणि किती उगवतात ते बघायचे. म्हणून ती कोंबताई. उगवल्या म्हणजे पाकिटातल्या बाकीच्या बियाही जिवंत आहेत असे समजायचे आणि पाकीट पुन्हा थंडीत ठेवून द्यायचे. पाच वर्षांनी परत तेच. तिच्या टेबलावरच्या भिंतीवर जुन्या साहेबांनी तीन शब्द रंगवून घेतले होते : मोजा, लिहा, टाका. म्हणजे कोंब मोजायचे, आकडा लिहायचा आणि कोंब बादलीत टाकायचे. कुंडीत लावायचे काम तिचे नव्हते. ते शेजारच्या काचघराचे होते, आणि काचघर गेली वीस वर्षे पुढच्या वर्षी बांधले जाणार होते.

जुन्या साहेबांना बोलायची हौस दांडगी. उद्घाटनाच्या दिवशी ते म्हणाले होते, "उद्या आपण माणसं सगळं खाऊन, खणून, जाळून बसलो, तरी इथल्या बिया असतील. हजार वर्षांनी कुणीतरी दार उघडेल आणि पृथ्वी पुन्हा सुरू करेल." दार उघडणारा कोण असेल हे त्यांनी सांगितले नव्हते. तिला मात्र ते ऐकून तेव्हा अंगावर शहारा आला होता. सत्तावीस वर्षांची होती ती आणि नोकरीचा पहिलाच आठवडा होता.

चारशे बारा हे तिने हाताळलेले पहिले पाकीट. ते आणले होते अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी. अप्पा याच कोठारात बिया गोळा करायच्या कामावर होते. वर्षातले आठ महिने रानोमाळ, चार महिने घरी आणि घरात असले तरी मन बाहेरच. नदीच्या एका वळणावर, वाळूच्या काठाला, गुडघ्याएवढी झुडपे त्यांना सापडली होती. फळ नाही, वास नाही, औषधाला उपयोग नाही, गुरे तोंड लावत नाहीत. फुलावर एक बारकी पिवळी माशी तेवढी यायची. "अशा बिनकामाच्या झाडावर माझा फार जीव," अप्पा म्हणायचे. "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." बी वाळूच्या कणाएवढे आणि रंगही हुबेहूब वाळूचा. पाखरांना चकवायला. त्या वळणावर चार दिवस पालथे पडून अप्पांनी तीनशे तेवीस बिया वेचल्या होत्या.

पहिल्यांदा पन्नासातल्या अठ्ठेचाळीस उगवल्या. मग सेहेचाळीस, एक्केचाळीस, तीस, चौदा. दर वेळी तिने मोजले, लिहिले आणि टाकले. बाहेर नदीकाठी हवी तेवढी झुडपे होती, त्यामुळे टाकताना हात अडखळायचे काही कारण नव्हते.

पाच वर्षांपूर्वी सहाव्या खेपेला पन्नासातल्या फक्त तीन उगवल्या. आकडा बघून तिला वाईट वाटले, पण त्या दिवशी दहा बशा मोजायच्या होत्या. तिने तीन असे लिहिले आणि तिन्ही कोंब चिमट्याने उचलून बादलीत टाकले.

त्यानंतर दोन महिन्यांनी पाहणीचे पत्र आले. इमारतींसाठी वाळू काढता काढता ते वळणच उरले नव्हते. नदी सरळ केली होती आणि काठाने रस्ता गेला होता. एकही झुडूप शिल्लक नाही, असे खाली एका ओळीत लिहिले होते. ती ओळ तिने दोनदा वाचली. तिने फेकले ते तीन कोंब जगातले शेवटचे होते.

ती तशीच मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या खड्ड्याकडे धावली होती. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरत होती. झाडलोट करणाऱ्या मावशी बघायला आल्या.

"काय हरवलं गं?"

"अंगठी," ती म्हणाली. दुसरे काय सांगणार?

"अगं बाई, सोन्याची?" म्हणत मावशीही पदर खोचून शेजारी बसल्या. दोघींनी अंधार पडेपर्यंत खड्डा उपसला. मावशी निवृत्त होईपर्यंत, दिसली की विचारायच्या, "सापडली का गं तुझी अंगठी?" आणि ती नाही म्हणायची.

अप्पांना तिने यातले काही सांगितले नाही. वळण गेल्याचे त्यांना कुणीतरी कळवले होतेच. "असू दे," ते म्हणाले होते, "आपली चारशे बारा आहे ना आत." आणि मग रोज संध्याकाळी विचारू लागले, सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसे : "काय म्हणते माझी चारशे बारा?" ती म्हणायची, "बरी आहे." पाच वर्षे ती हे उत्तर देत होती आणि प्रत्येक वेळी खोटे बोलल्यासारखा तिचा चेहरा उतरायचा. या वेळी खूप मागे लागून तिने साहेबांकडून परवानगी काढली होती : पाकिटात उरलेल्या तेवीसच्या तेवीस लावायच्या, आणि उगवेल ते टाकायचे नाही, घरी कुंडीत वाढवायचे. अठ्ठावीस दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता.

चार वाजले. दाबून बघायला तिचा हात होईना. शेवटी तिने बशीवर झाकण ठेवले, बशी रुमालात बांधली आणि पिशवीत घातली. तीस वर्षांत कोठारातली टाचणीही तिने घरी नेली नव्हती. साहेबांनी खिडकीतून पाहिले असावे. ते तोंड फिरवून फोनवर बोलत असल्यासारखे उभे राहिले.

बसमध्ये तिने पिशवी मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईने विचारले, "डबा सांडलाय का हो? पाणी गळतंय." ती म्हणाली, "नाही, ओलंच असतं ते."

घरी अप्पा खिडकीशी खुर्चीत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले, पण नजर आणि बोटे अजून शाबूत. तिने टेबल ओढले आणि रुमाल सोडला.

अप्पांनी बशीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "किती दिवस झाले?"

"अठ्ठावीस."

"एकही नाही?"

तिने मान हलवली. अप्पांनी चष्मा पुसला. पुसायचा होता त्याहून जास्त वेळ पुसला.

"दाबून बघितल्यास?"

"माझ्याच्यानं होईना, अप्पा."

"दे इकडं."

बी जिवंत आहे की नाही हे ओळखायची त्यांची रीत यंत्राहून जुनी होती. अंगठा आणि पहिले बोट यांत बी धरायचे आणि हलकेच दाबायचे. जिवंत असेल तर ते बोटाला अडते. मेलेले पिठासारखे पसरते. अप्पांनी पहिले बी उचलले, दाबले आणि बोट धोतराला पुसले.

"गेलं," ते म्हणाले.

दुसरेही गेले, तिसरेही. ती समोर उभी राहून मनात मोजत होती. सवय जाते कुठे? आठ, नऊ, दहा. अप्पा आता बोलत नव्हते, नुसते बोट पुसत होते. धोतरावर करड्या रेघा उमटत होत्या. सतरा, अठरा. शेजारी कुणाच्या तरी घरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

विसाव्या बीवर अप्पांचे बोट थांबले.

त्यांनी पुन्हा दाबले. अजून एकदा. "हे टणक आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "हे अडतंय गं, बोटाला अडतंय."

ती खालीच बसली. "नीट बघा अप्पा, जोर नका देऊ."

"मला शिकवतेस? भिंग आण तुझं."

भिंग पिशवीतच होते. अप्पांनी तळहातावर तो दाणा ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून भिंग लावले. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या घटकाभरात तिने कुंडी कोणती घ्यायची हेही ठरवून टाकले. मग अप्पांच्या ओठांचा कोपरा ढिला पडला.

"काय?" ती म्हणाली.

"वाळू आहे."

"म्हणजे?"

"वाळूचा कण आहे. वेचताना आला असणार माझ्या हातून. तुला सांगत होतो ना, रंग सेम." त्यांनी हात पुढे केला. भिंगातून तिने पाहिले. बारीक, चकचकीत, एका कडेला तुटलेला कण. तीस वर्षे तो बी म्हणून थंडीत जपलेला होता.

अप्पांनी उरलेल्या तीन बियाही दाबल्या. त्या मेलेल्याच होत्या. मग ते मागे टेकले आणि हात भिंतीवर ठेवला. "त्याच वाळूची आहेत ही घरं," ते म्हणाले. "आपण राहतोय तिच्यात." रागावून नाही बोलले. रागवायला समोर कोणी असावे लागते, आणि समोर त्यांचेच घर होते.

"त्या माशीचं काय झालं असेल हो?" तिने विचारले.

"तिचं कुणी पाकीट केलं नव्हतं."

आता नाही तर कधीच नाही, असे तिला वाटले. तिने सगळे सांगितले. सहावी खेप, तीन कोंब, बादली, पत्र, खड्डा, अंगठी. सांगताना ती रडली नाही, पण शेवटी म्हणाली, "मी मारली अप्पा ती. माझ्या हातानं टाकली. भिंतीवर लिहिलं होतं म्हणून टाकली. तुम्ही रोज विचारायचात आणि मी बरी आहे म्हणायचे," आणि तिथे तिचा आवाज फुटला. सत्तावन्न वर्षांची बाई, वडिलांच्या पायाशी बसून लहान पोरीसारखी हुंदके देत होती.

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, तुझी चूक नाही असेही म्हटले नाही. ते विचारात पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "कशी दिसायची?"

"काय?"

"कोंब गं तिचे. मी बघितलेच नाहीत कधी. मी जायचो ते बी धरल्यावर. झाडं बघितली, बी बघितलं. रोप असताना नाही बघितली."

अप्पांनी नाही, म्हणजे कुणीच नाही. त्या रोपांचे बाळपण सहा खेपांना मिळून फक्त तिनेच पाहिले होते.

तिने डोळे पुसले. "दोन पानं यायची," ती म्हणाली. "आधी मिटलेली. बाराव्या-तेराव्या दिवशी उघडायची. लांबट होती, कडेला जरा तांबूस. देठ पांढरा, अगदी दोऱ्याएवढा. आणि मान वाकडी."

"वाकडी कुठं?"

"उजेडाकडं. बशी फिरवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी परत फिरायची. मी मुद्दाम फिरवून बघायचे कधी कधी."

"दाखव ना. कशी?"

तिने मूठ केली, दोन बोटे वर काढली आणि जराशी फाकवली. मनगट थोडे वाकवले. "अशी," ती म्हणाली.

अप्पांनी चष्मा सारखा करून पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग तिचे मनगट धरले आणि खिडकीत जिकडे थोडा उजेड उरला होता तिकडे हलकेच वळवले.