चंद्रभानची टाच

तिवशाजवळच्या त्या गावात पेरणीआधी लोक पंचांगाला नंतर, चंद्रभानला आधी विचारत. वापसा आला का, म्हणजे वावर पेरण्याजोगं सुकलं की अजून ओलंच आहे, हे तो अनवाणी टाच काळ्या मातीत दाबून सांगायचा. माती टाचेला कशी धरते नि कशी सोडते, यातच त्याला सगळं कळायचं. ही विद्या बापाची. म्हणून पेरताना पहिली मूठ तो बापाचं नाव घेऊन सोडायचा. बाकी माणूस तिरसट, नि चिकट तर असा की तुटका दोर गाठी मारमारून वर्षानुवर्षं वापरेल. पण वापशाच्या बाबतीत त्यानं सांगितलं म्हणजे सांगितलं.

आणि नेमका त्याचाच पाय उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरमध्ये सापडला! पंजाचा पार चेंदामेंदा झाला. अमरावतीला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. पण चंद्रभाननं भिंतीकडं तोंड फिरवलं, नि सही करायचं नावच घेईना. बायको कौशल्या रडून रडून थकली, हा आपला ढिम्म. शेवटी अकोल्यात जठारपेठेत दिलेली लेक आकांक्षा आली. तिनं बापाचं एक ऐकलं नाही, गाडीत घातलं नि थेट अकोल्याला ओळखीच्या डॉक्टर पौर्णिमाकडं आणून निजवलं.

पौर्णिमानं पट्टी सोडली. पंजाकडं तिनं जेमतेम पाहिलं, टाच मात्र चारी बाजूंनी दाबली, सुईनं टोचून पाहिली. चंद्रभान कळवळला तशी ती चक्क खूश झाली; टाचेत जीव शाबूत होता. मग तिनं विचारलं, काका, सही कावून करत नाही?

"पाय न्या तुमी," चंद्रभान म्हणाला. "टाच नेऊ नोका. टाच गेली तं वावर माह्याशी बोलत नाई."

दुसरी कोणी हसली असती. ही स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली नि पावणेदोनशे वर्षांमागची गोष्ट सांगू लागली. स्कॉटलंडात एडिंबरा नावाचं थंडगार शहर आहे, तिथं जेम्स साइम नावाचा सर्जन होऊन गेला. बोलायला कमी, भांडायला पक्का. शिकत होता तेव्हाच त्यानं रबर विरघळवायची युक्ती काढली. त्यातून पुढं रेनकोट झाले, नि नाव झालं दुसऱ्याचं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं त्याला दार बंद केलं, तर पठ्ठ्यानं एक घर घेऊन स्वतःचाच दवाखाना थाटला. काही वर्षांनी त्याच मोठ्या दवाखान्यात तो प्रोफेसर म्हणून गेला.

चंद्रभान ऐकत होता, पण रेनकोटात त्याला काही गोडी वाटली नाही. मग पौर्णिमा मुद्द्यावर आली. त्या काळी पाऊल सडलं की पाय गुडघ्याखाली कापायचा, हाच रिवाज. साइमला ते पटेना. बिघडलं पाऊल, टाच धडधाकट आहे, तर ती फेकायची कशाला? एका सोळा वर्षांच्या पोराचं पाऊल त्यानं घोट्यातून काढलं, टाचेची जाड कातडी तेवढी जपून ठेवली नि नडगीच्या हाडाखाली गादीसारखी शिवून टाकली. अजूनही ते ऑपरेशन त्याच्याच नावानं ओळखतात.

"भूल देऊन?" चंद्रभाननं विचारलं.

भूल तेव्हा निघालीच नव्हती, असं ती म्हणाली. पोरगं जागं होतं.

चंद्रभाननं स्वतःच्या पायाकडं पाहिलं. आपला पाय नुसता हलवला तरी जीव जातो, नि ते पोर जागेपणी कसं निजलं असेल! आणि सुरी धरणारा? समोर पोर ओरडत असताना, एवढी घाई असताना, त्याला टाच वाचवायचं सुचलं! ज्यानं वऱ्हाड पाहिलं नाही, काळी माती पाहिली नाही, त्यानं आपली टाच तेव्हाच वाचवून ठेवली, या विचारानं जन्मात कोणापुढं मान न तुकवलेल्या चंद्रभानचे डोळे भरून आले.

"आपल्यापरस चिकट निंगाला बुवा," तो म्हणाला. "चांगली वस्तू फेकली नाई. आना तो कागद."

साइमचंच ऑपरेशन करायचं ठरलं, पण पौर्णिमानं त्याला आधीच बजावलं. कातडी जगली तर ठीक, नाही जगली तर वर कापावंच लागेल. आणि मातीचं बोलणं कळेल की नाही, ते तीही सांगू शकत नव्हती.

कातडी जगली. पावसाळा सरता सरता बुटासारखा नकली पाय आला, चंद्रभान गावात काठी घेऊन हिंडू लागला. वावराकडं मात्र फिरकेना. त्याला कसलं भय वाटत होतं, ते कौशल्याला कळत होतं, म्हणून तीही विषय काढत नव्हती. पण हरभऱ्याचा पेरा तोंडावर आला नि शेजारचा देवीदास दारात येऊन उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलला, नि मग हळूच विचारलं, चंद्रभाऊ, पेरू का?

आता नाही कसं म्हणणार? चंद्रभान वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसला. नकली पाय काढला, मोजा काढला. कौशल्याच्या खांद्यावर हात टाकून उठला नि तो उघडा, पंजा नसलेला पाय त्यानं मातीत टेकवला.

काहीच कळेना. नुसती कळ. त्याचा चेहरा पडला, देवीदासनं नजर दुसरीकडं वळवली. चंद्रभाननं दात आवळले नि सगळं वजन टाकून टाच पुन्हा दाबली. तेव्हा खालून गारवा चढला. माती कातडीला लागली, धरून राहिली, नि पाय उचलला तशी जरा उशिरानंच सुटली. अगदी पहिल्यासारखी.

"ओली हाये अजून," तो म्हणाला. "परवा पेर." एवढं बोलला नि लेकरासारखा रडायला लागला.

तिसऱ्या दिवशी पेरणीची तिफण उभी राहिली. चंद्रभाननं पहिली मूठ बापाचं नाव घेऊन तिफणीच्या बी सोडायच्या चाड्यात टाकली. बैल हाकायचे, तर यानं दाण्यांत परत हात घातलेला. ही मूठ कोणाची, कौशल्यानं विचारलं.

"साइमबुवाची," चंद्रभान म्हणाला. "बापानं टाच शिकवली, यानं ठेवली."