नेट पाजायला

खुशालरावांची एसटी बडनेऱ्याच्या पुढे लागली असेल, तेव्हा इकडे अकोल्यात त्यांच्या लेकीला, पौर्णिमेला, कळलं की आई नेटवरूनही गेली.

"चॅनलच बंद झालं," गोपाल, तिचा नवरा, म्हणाला. त्याच्या फोनवर राखाडी चौकोन होता आणि त्यात एक कोरडी ओळ: हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही.

आई, गोदाबाई, आखाजीच्या सणाआधी वारली. त्याआधी भुलाबाईच्या दिवसांत बायांची गाणी टिपत फिरणारा एक पोरगा त्यांच्या गावी, भातकुलीकडे, आला होता. त्याने तिला ओट्यावर बसवलं आणि तिचं एक गाणं आपल्या चॅनलवर टाकलं. तिचा आवाज म्हणून जगात उरला तो तेवढाच. आता त्या पोराचा नंबरही लागत नव्हता.

"पन बाबाच्या फोनात डाउनलोड हाय ना! म्याच तं करून देल्लं."

"डाउनलोड म्हंजे आपलं नसते, पुन्ना. अ‍ॅपच्या कोठीत ठेवलेलं असते थे, अन् किल्ली त्यायच्याजवळ. फोनले नेट लागलं का अ‍ॅप वर इचारते, हाय का? वरून नाही म्हनलं, का इथलंबी पुसते."

बाबा आज फोनला नेट लावायलाच तर येत होते. त्या जुन्या फोनात सिम नव्हतं. वावरात निंबाखाली बसून गोदाबाईला ऐकायचं, एवढंच त्याचं काम. पण काही दिवस गेले की अ‍ॅप अडून बसायचं, एकदा नेट दाखवा, मगच पुढे. मग बैल पाण्यावर न्यावा तसे बाबा तो फोन घेऊन लेकीकडे यायचे. उंबऱ्यात पाऊल पडलं की घरचं वायफाय आपोआप लागायचं. "फोनले नेट पाजाले आनला वं," म्हणायचे. आता त्या पाण्यातच विष होतं.

तिने बाबांच्या दुसऱ्या, साध्या फोनवर कॉल लावला. उचलला भावजयीने, रागिणीने.

"मामाजी डब्बा फोन घरीच इसरले, ताई. काहून? तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला?"

पौर्णिमेने फोन ठेवला आणि वायफायची पिन भिंतीतून उपटून काढली. तरी जीव जागेवर येईना. शेजारी बसलेला कोणी म्हणाला, काकाजी, हॉटस्पॉट देऊ का, तर? भल्या माणसाचंच भ्यावं, अशी ती दुपार. ती खिडकीत उभी राहून वाटेवरच्या गावांना विनवत राहिली. मूर्तिजापुरा, तू देऊ नको रे. बोरगावा, तू पाजू नको रे. तान्हेला येऊ दे माझा बाप.

खुशालराव जिन्यातच भेटले.

"बाबा, फोन! कोनं नेट देल्लं का वाटेत?"

"अवं, बापाले पानी तं इचार पयले! एक पोट्टा देत होता. म्हनलं, राहू दे बापू, आमची घरची विहीर हाय अकोल्याले."

तिने सगळं सांगितलं. म्हातारा दुपट्ट्याने तोंड पुसत राहिला, घाम नव्हता तिथेही.

"गोदी कोनाची होती वं?" ते शेवटी म्हणाले. "त्यायची का आपली?"

फोनवर सूचना आली होती: आजच नेट जोडा. जोडलं तर पुसलं जाणार, न जोडलं तर कुलूप पडणार. स्क्रीन रेकॉर्ड करायची सोय त्या फोनात नव्हती. उरलं एकच, त्या फोनचं दुसऱ्या फोनने शूटिंग करायचं.

गोपालने पंखा बंद केला, गॅसवरचा कुकर उतरवला. "बाबाजी, आता खोकलाबी नाही बरं."

"श्वास घेऊ का जवाईबापू, का थोबी बंद?"

पौर्णिमेने बाबांचा फोन गव्हाच्या डब्याला टेकवला, आपला समोर धरला. आई गाऊ लागली.

*कोनाची दमनी दाराशी गं, बैलाच्या घंट्या वाजती गं*
*सासऱ्याची दमनी दाराशी गं, मी नाही बसायची*

मग दिराची दमणी, बैलांची छोटी गाडी, आली, ती परत गेली. नणंदेची आली, तीही रिकामी फिरली. खुशालरावांचे डोळे मिटलेले.

*कोनाची दमनी दाराशी गं…*

पौर्णिमेच्या हातातला फोन खणाणला. रागिणी होती. रेकॉर्डिंग तुटलं.

"ताई, मामाजी पोचले का? मले लय काळजी—"

पौर्णिमेने फोन कापला. बाबांच्या फोनवर गाणं मागे सरकवायला तिने बोट टेकवलं, आणि आईच्या तोंडावर राखाडी पडदा उतरला: पुढे पाहण्यासाठी इंटरनेट जोडा.

कुकरने उरली वाफ सोडली.

"पुढं माही दमनी येते," खुशालराव हळूच म्हणाले. "माह्यं नाव घेऊन थे चढते तिच्यात. मंग गानं सरते."

"मंग तुमी म्हना, बाबा. तेवढं तं म्हना." तिने फोन पुन्हा धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

म्हाताऱ्याने घसा साफ केला. सूर लागला नाही, तसंच म्हणत गेले. *कोनाची दमनी दाराशी गं, बैलाच्या घंट्या वाजती गं…* नावापाशी आले आणि थांबले.

"म्हना ना, बाबा."

"आपलं नाव आपन कसं घ्यावं वं?" ते म्हणाले. "थे तिनं घ्याचं असते."

तिने फोन खाली घेतला नाही. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, त्यांत आवाज कुणाचाच नव्हता.